रक्त काढायचं काम शिकायचंय? सुई हातात घेण्याआधीपासूनचा क्रम

लॅबमध्ये काम शिकायला येणारी मुलं-मुली पहिल्याच दिवशी विचारतात, "प्रिक कधी करायला मिळेल?" प्रश्न चुकीचा नाही, पण त्यातून क्रम उलटा झालेला दिसतो. फी आधी भरली जाते आणि कोर्सला मान्यता आहे का हे नोकरीच्या वेळी विचारलं जातं. सुई आधी टोचली जाते आणि बल्बवर (रक्त भरायच्या नळीवर) नाव नंतर, कधी कधी आठवून, लिहिलं जातं. सॅम्पल आधी पिशवीत पडतं आणि बर्फाची आठवण अर्ध्या रस्त्यात येते. विदर्भात तालुक्याच्या आणि गावाच्या पातळीवर हे काम शिकणाऱ्यांसाठी योग्य क्रम खाली देतोय. टप्पे आहेत त्याच ओळीने करा.

१. आधी काम ठरवा, मग कोर्स

"लॅबचा कोर्स" या एका नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात.

पहिली म्हणजे फ्लेबोटॉमीचं, म्हणजे रक्त काढण्याच्या कामाचं, काही महिन्यांचं प्रमाणपत्र. हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलने 'फ्लेबोटॉमिस्ट' या कामाचा अभ्यासक्रम ठरवलेला आहे. त्यात रक्त काढणं, लेबल लावणं, सॅम्पल सांभाळणं आणि पोचवणं एवढंच येतं, मशीनवर टेस्ट लावणं येत नाही. यावर कलेक्शन सेंटर, खासगी दवाखान्याचा वॉर्ड, घरी जाऊन सॅम्पल घेणं आणि शिबिरं एवढी कामं मिळतात.

दुसरी डीएमएलटी, म्हणजे मेडिकल लॅब तंत्रज्ञानाची पदविका. याला साधारणपणे १२वी सायन्स लागते. रक्त काढण्यासोबत टेस्ट लावणंही यात शिकवतात. सरकारी प्रयोगशाळा तंत्रज्ञांच्या जाहिरातींत बहुतेक वेळा डीएमएलटी किंवा पदवी मागितलेली असते. रक्तपेढीत तंत्रज्ञ व्हायलाही डीएमएलटी किंवा पदवी आणि वर अनुभव लागतो. नुसतं फ्लेबोटॉमीचं प्रमाणपत्र तिथे चालत नाही.

तिसरी पदवी, म्हणजे बीएस्सी एमएलटी किंवा महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची बीपीएमटी. बीपीएमटी तीन वर्षांची असते आणि वर एक वर्ष इंटर्नशिप. ती करताना मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात रोज पेशंट हाताळायला मिळतात, आणि हात बसायला त्याचाच सर्वांत जास्त उपयोग होतो.

माझं मत स्पष्ट आहे. १२वीला बायोलॉजी असेल आणि घरून दोन ते चार वर्षं निघण्यासारखी असतील, तर छोट्या प्रमाणपत्राच्या मागे लागू नका, डीएमएलटी किंवा पदवीच करा. छोटा कोर्स आर्ट्सवाल्यांसाठी, लगेच कमावणं भाग असलेल्यांसाठी, किंवा आधीच दवाखान्यात वॉर्डबॉय किंवा आया म्हणून काम करत असलेल्यांसाठी ठीक आहे.

सावधान: "हा कोर्स केला की स्वतःची लॅब टाकता येते" असं कोणी सांगितलं तर तिथूनच परत फिरा. लॅबच्या रिपोर्टवर पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरची सही लागते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. तंत्रज्ञ रिपोर्ट तयार करू शकतो, पण स्वतःच्या सहीने देऊ शकत नाही.

२. फी भरण्याआधी संस्था पाहून या

सर्वांत जास्त पैसे इथेच बुडतात. माहितीपत्रक वाचून ठरवू नका, स्वतः जा. आणि सकाळी आठला जा, कारण उपाशीपोटीच्या टेस्टमुळे रक्त काढायची खरी गर्दी सकाळीच असते. दुपारी गेलात तर ऑफिस दिसेल, काम दिसणार नाही.

पुढचे प्रश्न विचारा आणि उत्तरं कागदावर मागा.

प्रमाणपत्र कोणाच्या नावाने मिळणार? संस्थेच्या स्वतःच्या लेटरहेडचं, की विद्यापीठाचं, राज्य कौशल्य मंडळाचं किंवा सेक्टर स्किल कौन्सिलचं? नुसत्या "आयएसओ प्रमाणित संस्था" या पाटीचा अभ्यासक्रमाच्या मान्यतेशी काही संबंध नसतो.

या कोर्सवर महाराष्ट्र पॅरावैद्यक परिषदेकडे नोंदणी होते का? संस्थेच्या तोंडी शब्दावर जाऊ नका, परिषदेकडे खात्री करून घ्या. २०२१ साली केंद्राचा सहाय्यकारी आणि आरोग्यसेवा व्यावसायिकांचा कायदा आला आहे, त्यामुळे मान्यता नसलेल्या कागदाला पुढे किंमत राहील या भरवशावर राहू नका.

प्रॅक्टिकल कुठल्या दवाखान्यात होणार? त्या दवाखान्याचं पत्र दाखवा म्हणावं. मग त्या दवाखान्यात जाऊन तिथल्या लॅबवाल्यांना विचारा की ही मुलं खरंच येतात का, आणि आली तर त्यांना हात लावू देता का. पुष्कळ ठिकाणी विद्यार्थी सहा महिने कोपऱ्यात उभं राहून रजिस्टर भरतात.

विद्यार्थ्याने किती जणांचं रक्त काढलं, याची शिकवणाऱ्याच्या सहीची वही असते का? वही नसेल तर तुमच्या हाताला काय येतं हे पुढे कोणाला दाखवणार?

शिष्यवृत्तीचं आमिष दाखवत असतील तर महाडीबीटीवर त्या संस्थेचं आणि त्या अभ्यासक्रमाचं नाव त्यांच्यासमोरच शोधा.

सावधान: मूळ मार्कशीट, टीसी, जातीचा दाखला संस्थेत ठेवायला देऊ नका. मूळ कागद दाखवून परत घ्या आणि झेरॉक्स द्या. मधेच कोर्स सोडावा लागला तर अडकवून ठेवलेल्या कागदांपायी पुढचं वर्ष जातं.

३. पहिल्या प्रिकच्या आधी स्वतःचा बंदोबस्त

प्रवेश घेतला त्याच आठवड्यात हिपॅटायटिस बीची लस सुरू करा. तीन डोस असतात: पहिला, त्यानंतर एक महिन्याने दुसरा आणि पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. प्रॅक्टिकल सुरू व्हायच्या दिवशी लस घ्यायला गेलात तर सहा महिने अर्धवट संरक्षणावर काम कराल. तिसऱ्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस (लस लागू पडली का ते दाखवणारी रक्ततपासणी) तपासून घ्या. ते १० mIU/mL किंवा त्याहून जास्त आलं पाहिजे.

सुई टोचली तर काय करायचं, हे टोचण्याआधी पाठ असावं. जागा साबण-पाण्याने धुवा. पिळू नका, तोंडात घालू नका. लगेच वरिष्ठांना सांगा आणि ज्या पेशंटची सुई आहे त्याचं नाव-नंबर नोंदवा. एचआयव्ही टाळण्याचं औषध शक्यतो दोन तासांच्या आत सुरू व्हायला हवं. ७२ तासांनंतर त्याचा उपयोग धरत नाहीत. कोर्स २८ दिवसांचा असतो. तुमच्या भागात रात्री-बेरात्री हे औषध कुठे मिळतं, जिल्हा रुग्णालयात की मेडिकल कॉलेजात, हे आजच विचारून फोनमध्ये लिहून ठेवा. एटापल्ली किंवा धारणीसारख्या ठिकाणी काम करणाऱ्याला ही माहिती नसेल तर दोन तास रस्त्यातच जातात.

रागावतील म्हणून सुई लागल्याचं लपवणारे पुष्कळ असतात. तसं करू नका. औषधाची वेळ कोणाच्या रागासाठी थांबत नाही.

४. हाताला सवय लावायचा क्रम

आधी बोटं तयार करा, सुई नंतर. पहिले दोन आठवडे फक्त शिरा चाचपा: घरच्यांच्या, मित्रांच्या, म्हाताऱ्यांच्या, जाड हातांच्या. पट्टा बांधायचा, तर्जनीच्या टोकाने दाबून सोडायचं, आणि शीर कोणत्या दिशेने जाते ते बोटाने ओळखायचं. शीर दाबल्यावर सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबसारखी लवचीक लागते आणि सोडली की परत वर येते. दोर कडक लागला तर तो स्नायूचा कंडरा. ठोके लागले तर ती धमनी, तिथून दूर राहा.

डोळ्यांवर विसंबणं ही इथली नेहमीची चूक आहे. शेतात राबलेल्या, उन्हाने काळवंडलेल्या हातावर शीर दिसत नाही, पण कोपराच्या मधोमध बोट ठेवलं की चांगली ठसठशीत लागते. उलट म्हाताऱ्या माणसाच्या हातावर हिरवी शीर ठळक दिसते आणि सुई लागताच बाजूला सरकते.

त्यानंतर कृत्रिम हातावर प्रिक, मग शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली धडधाकट मोठ्या माणसांवर, आणि मग वॉर्डात. लहान मुलं, गरोदर बाया आणि सिकलसेलचे (रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे) पेशंट शेवटी. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा या पट्ट्यात सिकलचे पेशंट रोज भेटतात. लहानपणापासून टोचून टोचून त्यांच्या शिरा खराब झालेल्या असतात. कोणती शीर लागते हे त्यांनाच विचारा. ते बरोबर बोट ठेवून दाखवतात.

तपासून पाहा: डोळे मिटून, फक्त बोटाने शीर शोधून तिच्या दिशेने पेनने रेघ मारता येते का? येत असेल तर पुढच्या टप्प्यावर जा.

५. प्रत्यक्ष रक्त काढणं

नाव. "तुम्ही सुनीता मेश्राम ना?" असं विचारू नका. घाबरलेला किंवा कमी ऐकू येणारा माणूस कशालाही मान हलवतो. "मावशी, तुमचं पूर्ण नाव सांगा" म्हणा आणि ते फॉर्मशी जुळवा. सोबत वय किंवा नोंदणी क्रमांक असं दुसरं काहीतरी ताडून पाहा. एका गावात एकाच आडनावाची अर्धी वस्ती असते आणि आश्रमशाळेच्या शिबिरात एकाच नावाच्या तीन मुली एका रांगेत उभ्या असतात. तिथे वडिलांचं नाव आणि हजेरी क्रमांक घेतल्याशिवाय सुई उघडू नका. माडिया किंवा गोंडी बोलणाऱ्या माणसाशी आशाताईला मधे घेऊन बोला.

चौकशी. शेवटचं कधी जेवलात? चहा झाला का? उपाशीपोटीच्या साखरेला आठ तास काही नको, पाणी चालतं. "उपाशी आहे" म्हणणाऱ्याने चहा घेतलेला असतो, म्हणून चहाचं वेगळं विचारा. रक्त पातळ करायची गोळी सुरू आहे का, आधी रक्त काढताना चक्कर आली होती का, डायलिसिसचा फिस्टुला (ऑपरेशन करून धमनीला जोडलेली शीर) कोणत्या हाताला आहे, स्तनाचं ऑपरेशन कोणत्या बाजूला झालंय, हेही विचारा. त्या बाजूचा हात घ्यायचा नाही. एका हाताला सलाइन चालू असेल तर दुसरा हात घ्या.

लोक हमखास म्हणतात, "आंगात रगतच नाही, अन् तुमी आणखीन काढून राह्यले!" यावर हसू नका. ५ मिली म्हणजे एक छोटा चमचा, हे बल्ब हातात दाखवून सांगा. भीती गेली की हात सैल सोडतात आणि शीरही सापडते.

बसवणं. पाठीला टेका असलेल्या खुर्चीवर बसवा, नाहीतर खाटेवर झोपवा. उभ्याने कधीच नाही. हात कोपरात सरळ आणि खालून आधार दिलेला असावा. उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडून आलेला माणूस कोरडा पडलेला असतो, शिरा बसलेल्या असतात. टेस्टला चालत असेल तर ग्लासभर पाणी पाजा, सावलीत पंधरा मिनिटं बसू द्या, मग पट्टा बांधा.

तयारी. बल्ब, सुई, कापूस, शार्प्सचा (वापरलेल्या सुया टाकायचा) डबा असं सगळं आधी हाताशी मांडा. बल्बची मुदत पाहा. हात धुवा, नवे ग्लोव्हज घाला. मोठ्यांना साधारण २१ किंवा २२ गेजची सुई, बारीक शिरेला २३ ची बटरफ्लाय.

आता क्रम असा:

पट्टा जागेच्या वर सात ते दहा सेंटिमीटरवर बांधा. शीर शोधा. शोधायला वेळ लागला तर पट्टा सोडा आणि दोन मिनिटांनी परत बांधा, एका मिनिटापेक्षा जास्त तो आवळलेला नको. मूठ नुसती मिटायला सांगा, उघडझाप करायला लावू नका. त्याने पोटॅशियम खोटं वाढतं. कोपराच्या मधली शीर पहिली पसंती, मग अंगठ्याच्या बाजूची. करंगळीच्या बाजूची शेवटी, कारण तिच्या जवळून धमनी आणि नस जाते.

स्पिरिटने पुसा आणि ३० सेकंद वाळू द्या. ओल्यावर टोचलं की झोंबतं आणि रक्त हिमोलाइजही होऊ शकतं, म्हणजे त्यातल्या लाल पेशी फुटतात. फुंकर मारू नका. पुसलेल्या जागी परत बोट लावू नका. घाईत असलेले सगळे हीच चूक करतात.

डाव्या अंगठ्याने जागेच्या खालची कातडी ताणून धरा. म्हाताऱ्यांची शीर पळते ती इथे ढिलाई झाल्याने. सुईचं उघडं तोंड वर ठेवा, कोन १५ ते ३० अंशांचा. रक्त सुरू झालं की पट्टा सोडा.

बल्बचा क्रम: आधी ब्लड कल्चर (रक्तातले जंतू तपासायची बाटली), मग निळा सायट्रेट, मग लाल किंवा पिवळा, मग हिरवा हेपरिन, मग जांभळा ईडीटीए, शेवटी राखाडी फ्लोराइड. ईडीटीएचा अंश पुढच्या लाल बल्बमध्ये गेला तर पोटॅशियम खोटं वाढतं आणि कॅल्शियम खोटं कमी येतं. निळा बल्ब खुणेपर्यंतच भरा, कमी नाही, जास्त नाही. प्रत्येक बल्ब भरला की लगेच हळूच उलटसुलट करा: सायट्रेट तीन-चार वेळा, क्लॉट अॅक्टिव्हेटरचा लाल-पिवळा पाचेक वेळा, बाकीचे आठ-दहा वेळा. झटके देऊन हलवू नका.

आपल्याकडे अजूनही पुष्कळ काम सिरिंजने चालतं. तेव्हा दट्ट्या हळू ओढा. बल्ब स्टँडमध्ये ठेवून भरा, हातात धरून नाही. बारीक सुईतून जोर लावून रक्त मारलं की सॅम्पल फुटतं.

शेवटचा बल्ब होल्डरमधून काढा, मग सुई काढा, आणि सुई बाहेर आल्यावरच कापूस दाबा. हात सरळ ठेवायला सांगा. कोपर मुडपून बसायची सवय सगळ्यांना आहे, पण त्याने आत रक्त साकळून निळं पडतं.

सुईला टोपण परत लावू नका. ती थेट, सुई आरपार जात नाही अशा पांढऱ्या डब्यात जाते. रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, ग्लोव्हज आणि सुई कापलेली सिरिंज लाल पिशवीत.

लेबल आता, पेशंटच्या समोर, बल्ब हातात असताना लावा. नाव, क्रमांक, तारीख, वेळ. आधी लेबल लावून ठेवलेले रिकामे बल्ब अदलाबदल होतात, आणि नंतर लावायचं ठरवलं तर कोणता कोणाचा हे आठवत नाही. रिपोर्ट चुकीच्या माणसाच्या हातात पडला की एखाद्याला नको ते औषध सुरू होतं.

थांबायची वेळ: हातात करंट गेल्यासारखी कळ आली म्हणाले, तर पट्टा सोडून सुई लगेच काढा. लालभडक रक्त ठोक्याने आलं, तर सुई काढून किमान पाच मिनिटं स्वतः घट्ट दाबून धरा आणि डॉक्टरांना सांगा. घाम फुटला, चेहरा पांढरा पडला, तर सुई काढून आडवं झोपवा आणि पाय वर करा. दोनदा प्रयत्न करूनही शीर लागली नाही तर तिसऱ्यांदा तुम्ही टोचू नका, दुसऱ्याला बोलवा.

६. सॅम्पल लॅबपर्यंत नेणं

चांगलं काढलेलं रक्त विदर्भात रस्त्यात खराब होतं. मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ च्या वर जातो, आणि मोटारसायकलच्या डिकीत त्याहून जास्त.

लाल-पिवळा बल्ब काढल्याबरोबर गाडीवर टाकू नका. अर्धा तास उभा ठेवून नीट गोठू द्या. जवळच्या आरोग्य केंद्रात सेंट्रिफ्यूज (बल्ब जोरात फिरवणारं यंत्र) असेल तर दोन तासांच्या आत सिरम, म्हणजे गोठलेल्या रक्तावरचं पिवळसर पाणी, वेगळं करून घ्या. पोटॅशियम लावायचं असेल तर सिरम वेगळं करण्याआधी रक्त बर्फात घालू नका. थंडीने पेशींतलं पोटॅशियम बाहेर येतं.

साध्या बल्बमध्ये ठेवलेल्या रक्तातली साखर तासाला पाच-सात टक्के कमी होते, उन्हात त्याहून वेगाने. फ्लोराइडचा बल्बही पहिल्या तास-दोन तासांत ही घट पूर्ण थांबवत नाही. म्हणून साखरेचं सॅम्पल गावातून सगळ्यांत शेवटी घ्या आणि लॅबला सगळ्यांत आधी द्या.

बल्ब रॅकमध्ये उभे ठेवा. जेलपॅक कापडात गुंडाळा, बल्बला थेट टेकू देऊ नका, नाहीतर रक्ताचा बर्फ होऊन त्यातल्या पेशी फुटतात. बिलिरुबिनचा (काविळीच्या तपासणीचा) बल्ब उजेड लागू नये म्हणून काळ्या कागदात गुंडाळा. खड्ड्यांच्या रस्त्यावर डबा हँडलला लटकवू नका, पाठीवर घ्या. प्रत्येक बल्ब कधी काढला याची वेळ फॉर्मवर लिहा. त्याशिवाय लॅबला निर्णय घेता येत नाही.

पावसाळ्यात रस्ता बंद होणार हे धरूनच नियोजन करा. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. अशा दिवसांत सिरम वेगळं करून २ ते ८ अंशांच्या फ्रिजमध्ये ठेवायची सोय आधी बघा, आणि जी टेस्ट थांबू शकते ती पुढे ढकलायला डॉक्टरांना विचारा.

तपासून पाहा: वापरलेल्या सुया, कापूस, सिरिंज सगळं परत आलं का? गावात घरी जाऊन सॅम्पल घेतलं तरी कचरा लॅबलाच आणायचा. उकिरड्यावर टाकलेली सुई खेळणाऱ्या पोराच्या नाहीतर शेण काढणाऱ्या बाईच्या पायात जाते.

७. काम मिळवताना

सरकारी आरोग्य केंद्रांतली सॅम्पल गोळा करणारी महालॅबची व्यवस्था, ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांतल्या कंत्राटी जागा, तालुक्यातले खासगी दवाखाने, कलेक्शन सेंटर, रक्तदान शिबिरं, ही शोधायची ठिकाणं. मेडिकल कॉलेजचे दवाखाने नागपूर, सेवाग्राम, सावंगी, यवतमाळ, अकोला, अमरावती, चंद्रपूर, गोंदिया इथे आहेत. पहिलं वर्ष शक्य असेल तर अशा गर्दीच्या ठिकाणी काढा, पगार थोडा कमी मिळाला तरी. तिथे एका महिन्यात जेवढे हात हाताला लागतात तेवढे गावातल्या सेंटरवर वर्षात लागत नाहीत.

मुलाखतीला जाताना सहीची वही, हिपॅटायटिस बी लसीची नोंद, प्रमाणपत्रं आणि असल्यास परिषदेची नोंदणी न्या. घरी जाऊन सॅम्पल घ्यायचं काम असेल तर पैसे महिन्याचे की फेरीचे, पेट्रोल कोणाचं, सुई लागली तर औषध-तपासणीचा खर्च कोणाचा, हे कामाच्या आधी लेखी घ्या. मुलींनी अनोळखी घरी एकट्याने जायचं की आशाताई सोबत असेल, हेही त्याच वेळी ठरवा.

गावात लवकरच लोक तुम्हाला "डॉक्टर" म्हणू लागतील. तापाला सुई मारून द्या, एक सलाइन लावून द्या म्हणतील, पैसेही देतील. नाही म्हणा, आणि तेवढ्याच आपुलकीने आरोग्य केंद्राची वेळ सांगा. रिपोर्ट पाहून औषध सुचवणंही तुमच्या कामात बसत नाही.

कामाला लागल्यावर दर शनिवारी लॅबमध्ये विचारा: या आठवड्यात माझी कोणती सॅम्पलं परत आली? क्लॉट झालेलं, हिमोलाइज झालेलं, कमी भरलेलं, लेबल नसलेलं, असं प्रत्येकाचं कारण वहीत लिहा. तेच कारण दुसऱ्यांदा आलं तर वरच्या टप्प्यांपैकी कोणता गाळला ते शोधा, आणि ज्या माणसाचं सॅम्पल परत आलं त्याच्याकडे पुन्हा जाऊन ते घ्या.